मालनबाईंचा शनिवार

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा आमच्या कॉलेजातला सगळ्यात पोरका विषय. मुलं त्याला ‘थिअरी’ म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड आणून उरकतात. शिक्षकांनाही तो नको असतो, कारण त्यात प्रोग्राम लिहायचा नसतो. प्रोग्राम लिहायच्या आधी कुणाला काय विचारायचं, लिहून झाल्यावर तो कुठे मोडेल हे कसं शोधायचं आणि मोडल्यावर काय करायचं, एवढंच त्यात शिकवायचं असतं. त्यात काय मोठंसं, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून वेळापत्रक लागलं की हा विषय जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या गळ्यात पडतो. तो निवृत्ती भागडेच्या गळ्यात पडला आणि तिथेच राहिला.

मी आभा. त्याच विभागात डेटाबेस शिकवते. निवृत्तीपेक्षा वयाने आणि नोकरीने बरीच मोठी, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं स्टाफरूममध्ये सगळे माझ्या पाठीमागे म्हणतात. निवृत्ती तोंडावर म्हणतो, म्हणून तो मला आवडतो. मला आभाताई म्हणतो. तो तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की नोकरीलाही सुट्टी. जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच माणसांसमोर आपलं तेच नाव सांगायचं. असा माणूस लग्नाच्या बाजारातही उभा राहत नाही. तिशी कधीच उलटून गेली, तरी सातपूरला अशोकनगरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची आई, मालनबाई, दोघंच राहतात.

स्टाफरूममध्ये निवृत्ती भिंतीला चिकटून बसतो. वर्गात मात्र त्याच्या अंगात वारं भरतं. पहिल्या तासाला तो फळ्यावर काही लिहीत नाही. मुलांना सांगतो, कँटीनवाल्याला बिलाचं सॉफ्टवेअर करून द्यायचंय, काय काय लागेल ते काढून आणा. मुलं पानभर यादी आणतात: लॉगिन, रोजचा रिपोर्ट, क्यूआर कोड, सवलतीचं कूपन. मग हा विचारतो, "त्याला सॉफ्टवेअर पाहिजे आहे का, हे कुणी विचारलं?" कँटीनवाल्याशी कुणी बोललेलंच नसतं. बाहेरच्या पायरीवर बसून, फोनमधल्या चॅटबॉटला विचारून यादी उतरवलेली असते. निवृत्ती रागवत नाही. "चला, आता खरंच जाऊन या," म्हणतो आणि पुढचा तास त्या कँटीनवाल्याच्या उत्तरांवर घेतो.

त्याचा दुसरा हट्ट टेस्ट केसचा. जर्नलमध्ये एक तक्ता असतो: काय करून पाहिलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि शेवटी पास किंवा फेल. आमच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचीही टेस्ट केस फेल झालेली नाही. इतकं निर्दोष सॉफ्टवेअर जगात फक्त आमच्या सबमिशनच्या आठवड्यात तयार होतं, असं मी म्हणते. निवृत्ती अशा जर्नलवर सही करत नाही. निदान एक तरी ‘फेल’ शोधून आणा, मग सही. मुलं त्याच्या नावाने बोटं मोडतात आणि जाऊन विभागप्रमुखांची, म्हणजे एचओडींची, सही आणतात.

तर असा हा माणूस. आता त्याच्या आईचं सांगते, कारण पुढे जे झालं ते तिच्या शनिवारापायी झालं.

मालनबाई घोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. आयुष्य भाताच्या खाचरात वाकून गेलं. नवरा लवकर गेला, पोराला शिकवलं, पोराने नाशिकला आणलं, आणि दोन घास सुखाचे खायची वेळ आली तेव्हा दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून पंचवटीच्या बाजूला एका ट्रस्टच्या धर्मादाय सेंटरमध्ये त्यांचं डायलिसिस चालतं. मशीन रक्त धुऊन देतं आणि अंगात साचलेलं पाणी काढून घेतं. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलं होतं. सेंटरमध्ये मशीन कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे मिळाले दोनच वार: सोमवार आणि बुधवार. बुधवारनंतर थेट सोमवार. त्या मधल्या दिवसांत बाईंचे पाय सुजायचे, मग तोंड सुजायचं, आणि रविवारपर्यंत त्यांना आडवं होता यायचं नाही. खाटेवर उशा रचून बसल्या बसल्या धापा टाकायच्या. शनिवार मिळाला असता तर हे सगळं टळलं असतं. निवृत्तीने त्या शनिवारासाठी ट्रस्टच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. वेटिंगमध्ये नाव आहे, एवढंच उत्तर मिळायचं. खाजगी दवाखान्याचं मी एकदा बोलले, तेव्हा तो नुसता हसला. मग मी पुन्हा नाही बोलले.

बुधवारी निवृत्तीचे तास ओळीने असतात आणि माझे दुपारनंतर, म्हणून बुधवारी मालनबाईंना सेंटरवर मी नेते. तिथे भिंतीला लागून एक बाक आहे. पेशंट तिथे बसून आपल्या मशीनची वाट बघतात. बुधवारी त्या बाकावर केरू भेटायचा. पेठच्या डोंगरातला, साठीचा, काटकुळा माणूस. पहाटेची एसटी धरून यायचा आणि दुपारच्या एसटीने परत जायचा. त्याचे वार बुधवार आणि शनिवार. मालनबाईंना तो बाय म्हणायचा, त्या त्याला केरूभाऊ म्हणायच्या. दोघांनाही पाणी मोजून प्यायची सक्ती, आणि दोघंही एकमेकांची चोरी पकडण्यात तरबेज.

"बाय, तोंड सुजलंय तुजं. मडकं गिळलंस का काय?" केरू म्हणायचा.

"तुझं बघ आधी. येताना एसटी स्टँडवर उसाचा रस पिऊन आला आसशील."

"नाय गं. नुसता वास घेतला."

आणि मग दोघं हसायची. हसून दम लागायचा, तरी हसायची. मालनबाईंना माझ्याशी किंवा पोराशी मी कधी एवढं मोकळं बोलताना ऐकलं नाही.

या वर्षी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरत होते तेव्हा निवृत्तीने आपल्या गटाला हे सेंटर सुचवलं. गटात सृष्टी आणि दीपक, दोघंही हुशार, त्याच्या तासाला पुढच्या बाकावर बसणारी. ट्रस्टच्या सेक्रेटरींची तक्रार होती की पेशंट न सांगता गैरहजर राहतात आणि मशीन रिकामं पडतं. निवृत्ती स्टाफरूममध्ये मला म्हणाला, "ताई, रिकाम्या जागा वेटिंगवाल्यांना मिळाल्या तर आईचा शनिवार त्यातूनच निघेल." त्याने हे लपवलं नाही. कुणापासूनच नाही. आणि त्यात लपवण्यासारखं काय होतं? आईसाठी धडपडणारा पोरगा आपल्या विद्येचा उपयोग करत होता. मी तर म्हटलं, एवढी वर्षं हा विषय शिकवल्याचं आता कुठे सार्थक होतंय.

मुलांना घेऊन तो सेक्रेटरींना भेटला. एसी केबिन, चहा, बिस्किटं. गरजा लिहून घेतल्या. आदल्या दिवशी दुपारी पेशंटच्या मोबाईलवर निरोप जाईल: उद्या येणार का, हो किंवा नाही. संध्याकाळी सातपर्यंत ‘हो’ आलं नाही तर ती जागा आपोआप वेटिंगमधल्या पुढच्या माणसाला. सेक्रेटरींनी सही केली, मुलांनी तो कागद फाईलला लावला. अगदी पुस्तकात सांगितलंय तसं.

फक्त त्या बाकावर जाऊन कुणी बसलं नाही. मुलं बसली नाहीत, कारण आमच्याकडे संस्थेचं काम म्हटलं की आधी मोठ्या माणसाला भेटायचं आणि तो बोलला की गरजा संपल्या. जे फुकट उपचार घेतात त्यांना काय विचारायचं? आणि निवृत्ती बसला नाही, कारण त्याला वाटलं आपल्याला माहीतच आहे. दर सोमवारी तो त्या बाकाशेजारी उभा राहत होता. स्वतःची आई त्यावर बसत होती. आपल्याच घरच्या माणसाला कुणी गरजा विचारत नाही. मुलांनी कँटीनवाल्याला विचारलं नाही म्हणून तास वाया घालवणारा हा माणूस, रोज रात्री आईच्या ताटातलं मीठ मोजायचा, पण तिला एवढं विचारायचं त्याचं राहून गेलं की, तुझ्या ओळखीच्या त्या माणसांपैकी फोन कुणाकुणाकडे असतो गं?

कारण मालनबाईंकडेच तो नव्हता. फॉर्मवर मोबाईल निवृत्तीचा. आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म भरताना नोकरीवाल्या पोराचा मोबाईल लिहितात, ही काय सांगायची गोष्ट झाली? रेशनकार्डापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे हेच. लिहिताना त्यात मानही असतो, की आमचा पोरगा कामाला आहे. केरूच्या फॉर्मवर त्याच्या पोराचा होता. रोहित त्याचं नाव, सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जाणारा, तिथेच चार पोरांबरोबर खोली घेऊन राहणारा. त्या कारखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत. गेटवर पेटीत जमा करून जायचं.

सॉफ्टवेअरची चाचणी आमच्या लॅबमध्ये झाली. पेशंट झाली मुलं, प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा फोन. ‘हो’ दाबलं, जागा पक्की: पास. ‘नाही’ दाबलं, जागा पुढच्याला: पास. काहीच दाबलं नाही, जागा पुढच्याला: तेही पास. निवृत्तीने नेहमीप्रमाणे फेल मागितलं. मुलांनी एक शोधून काढलं, मराठी जोडाक्षरं एका जुन्या फोनवर तुटक दिसत होती. ते दुरुस्त केलं. निवृत्तीने सही केली. त्या दिवशी त्याचा चेहरा असा उजळला होता की मी त्याची एकदाही थट्टा केली नाही.

गुरुवारी सेंटरमध्ये उद्घाटन झालं. नारळ, शाल, फोटो. आमचे प्राचार्य बोलले, सेक्रेटरी बोलले, नवी पद्धत सगळ्यांनी समजून घ्यावी असं आवाहन झालं. गुरुवारचे पेशंट होते त्यांनी ऐकलं. बाकीच्यांसाठी ऑफिसच्या दारावर छापील सूचना लावली.

शुक्रवारी संध्याकाळी निवृत्तीच्या फोनवर निरोप आला. शनिवारी सकाळची एक जागा मोकळी झाली आहे, मालन भागडे येणार का? त्याने लगेच ‘हो’ दाबलं आणि मला फोन केला. "ताई, चाललं. पहिल्याच खेपेला चाललं." शनिवारी सकाळी आईला सेंटरच्या दारात सोडून तो धावतपळत प्रॅक्टिकलला आला, येताना पेढे घेऊन आला. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटले. ज्यांनी त्याच्या विषयाला कधी विचारलं नव्हतं त्यांनीही खाल्ले. मीही दोन खाल्ले. त्या रविवारी मालनबाई आडव्या झोपल्या, असं त्याने मला सोमवारी सांगितलं. कितीतरी महिन्यांनी आडव्या झोपल्या. पण बोलत नाहीत फारशा, म्हणाला. थकली असेल.

बुधवारी मी मालनबाईंना घेऊन गेले. बाकावर केरू नव्हता. एसटी उशिरा आली असेल असं मला वाटलं. मालनबाई सारख्या दाराकडे बघत होत्या. थोड्या वेळाने दारातून एक पोरगा आला, कारखान्याच्या निळ्या शर्टात, डोक्याचे केस काढलेले. तो रोहित होता. टेक्निशियन अमित बाहेर आला तसा तो त्याला म्हणाला, "बाबा गेले. रविवारी गेले. एवढंच सांगायला आलो."

रोहित आरडाओरडा करत नव्हता. त्याने फोन काढून दाखवला. शुक्रवारी तो दुसऱ्या शिफ्टला होता. फोन गेटवरच्या पेटीत. सुटल्यावर निरोप बघितला, लगेच ‘हो’ दाबलं, आणि उलट उत्तर आलं: मुदत संपली आहे. वार तर ठरलेलेच, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही. इकडे केरू नेहमीसारखा पहाटेची एसटी धरून आला, तर यादीत त्याचं नाव नाही. पुढच्या बॅचेस भरलेल्या. मधेच कुणी आलं नाही तर घेतो, असं अमित म्हणाला. त्या दिवशी सगळे आले. आता सगळे येणारच, सॉफ्टवेअरच तसं होतं. केरू शेवटच्या एसटीपर्यंत बाकावर बसला आणि परत गेला. रविवारी अंगात पाणी चढलं. डोंगरातून पेठच्या दवाखान्यात आणेपर्यंत श्वास संपला.

"साहेब, वार ठरलेले होते ना त्यांचे?" रोहितने विचारलं. "मग कुणी काढला त्यांचा शनिवार?"

अमितने मालनबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला तेव्हा कळलं. मालनबाईंना आधीपासूनच माहीत होतं.

त्या दिवशी मशीनवर त्या चार तास डोळे मिटून पडल्या. घरी आणलं, दुपारचे तास सोडून निवृत्ती येईपर्यंत मी थांबले. केरू गेल्याचं आणि कसा गेला ते मीच त्याला सांगितलं. कुणाचा शनिवार कुणाला गेला, ते सांगायचं धाडस मला झालं नाही. ते मालनबाईंनी सांगितलं.

"शनिवारी म्या आत गेले तर केरूभाऊच्याच खाटेवर मला घेतलं. तो भाईर बाकावर बसलेला. म्या अमितला म्हनले, ह्याला घे, मी जाते घरी. तो म्हने, मावशी, तुमच्या पोराने पक्कं केलंय, मला बदलता येत नाय. केरूभाऊ म्हने, पड तू बाय, तुला बी लय दिसांनी मिळालंय, मी बसतो." एवढं बोलून त्या थांबल्या. दम खाल्ला. "मंग म्या पडले."

"मला का नाही सांगितलंस?" निवृत्तीने विचारलं. "आई, शनिवारीच सांगितलं असतंस तर मी रविवारी गाडी करून पेठला गेलो असतो. त्यांना आणलं असतं."

"तू पेढे वाटून आला व्हता," मालनबाई म्हणाल्या. "लोकं तिथं तुह्या मशिनीला नावं ठेवीत व्हते. म्या त्यांना सांगितलं, माझ्या लेकाचं काम हाय, चांगलंच आसंल. मंग तुला कोन्त्या तोंडानं सांगू?"

त्या माऊलीचा मला रागही आला आणि तिचे पायही धरावेसे वाटले. निवृत्ती चपला घालून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो सेक्रेटरींकडे गेला. ही पद्धत आजच्या आज बंद करा म्हणाला. सेक्रेटरींनी त्याला बसवलं, पाणी दिलं. झालं ते वाईट झालं, पण तो पेशंट आधीच नाजूक होता. आणि एकही मशीन रिकामं राहत नाही, देणगीदार खूश आहेत, आता मागे कसं जायचं? मोबाईलचं काय ते दुरुस्त करा, आम्ही थांबवलंय का? मग निवृत्ती प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांच्या टेबलावर उद्घाटनाच्या बातमीचं कात्रण होतं आणि कॉलेजच्या प्रोजेक्ट स्पर्धेत पहिलं बक्षीस जाहीर झालेलं. जूनमध्ये तुमचा अर्ज येईलच ना, एवढंच ते म्हणाले.

मग तो लॅबमध्ये आला. मी तिथेच होते. सृष्टी रडत होती, दीपक कीबोर्डवर वाकला होता. "सर, किरकोळ आहे," दीपक म्हणाला. "दुसरा मोबाईल नंबर घ्यायचा आणि उत्तर नाही आलं तर जागा सोडायची नाही, आधी सेंटरमधून फोन करायचा. दुपारपर्यंत होऊन जाईल."

"दुपारपर्यंत?" निवृत्ती म्हणाला.

"हो सर. फार तर दोन-तीन ठिकाणी बदलायचंय."

ते वाक्य ऐकून तो खाली बसला. माणूस मरायला काहीतरी मोठी चूक लागते, असं आपल्याला वाटतं. त्याने प्रोजेक्टची फाईल मागून घेतली, टेस्ट केसचं पान काढलं. ‘उत्तर न आल्यास जागा पुढील रुग्णास: पास’. त्याने लाल पेनने पास खोडलं आणि फेल लिहिलं. खालची आपली सही खोडली. पेन एवढं दाबून की कागद फाटला.

"सर, आमचे मार्क?" सृष्टीने हळूच विचारलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला कंपनीचं नोकरीचं पत्र आलेलं होतं.

"तुमचे मार्क जातील तर माझेही जातील," निवृत्ती म्हणाला. "माझे किती आहेत ते मला माहीत नाही."

संध्याकाळपर्यंत एचओडींनी नवीन पान छापून घेतलं आणि त्यावर स्वतः सही केली. दीपकने मात्र त्याच दुपारी दुरुस्ती केली, आणि ती लॅबमध्ये न तपासता सातपूरला जाऊन, गेटवरच्या पेटीत स्वतःचा फोन ठेवून तपासली, हेही सांगायला हवं.

शुक्रवारी संध्याकाळी मी अशोकनगरला गेले, कारण निवृत्ती कॉलेजात आला नव्हता. मालनबाई उशांना टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेले. निवृत्ती जमिनीवर बसला होता, हातात फोन. निरोप दुपारीच येऊन गेला होता. शनिवारची जागा आता कायमची मोकळी झालेली, वेटिंगमध्ये पहिलं नाव मालन भागडे. सातच्या आत ‘हो’ दाबलं की दर शनिवार त्यांचा, नाही तर पुढच्या नावाचा. आता ती कुणाच्या ताटातली नव्हती. ज्याची होती तो राहिलाच नव्हता.

"नाय म्हनते म्या," मालनबाई मला म्हणाल्या. "सांगा ह्याला तुमी. मला त्या खाटेवर नाय पडायचं."

"आई, आता कुणाचं हिसकावून घेत नाही आपण," निवृत्ती म्हणाला. दुपारपासून किती वेळा म्हणाला असेल कुणास ठाऊक. "तू नाही गेलीस तर दुसरं कुणीतरी जाईल. केरूमामा परत येणार नाहीत."

"जाऊ दे की दुसरं कुनी. त्याला ठावं नाय. मला ठावं हाय."

मीही तिला बोलले. गोड बोलले, रागावून बोलले, डॉक्टरांचं नाव घेतलं. शेवटी म्हटलं, केरूभाऊंनीच तुम्हाला पड म्हटलं होतं ना. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकले. निवृत्ती सरकत त्यांच्या खाटेपाशी गेला आणि सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडायला लागला. मला दाबू दे, म्हणत होता. आई, माझ्यासाठी दाबू दे. तू सोमवारपर्यंत तग नाही धरलास तर मी काय करू?

मालनबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. धाप लागली होती, त्यामुळे एकेक शब्द सुटा सुटा येत होता.

"मंग माझा सोमवार न् बुधवार मोकळा व्हईल," त्या म्हणाल्या. "तो मातर तुह्या मशिनीला वाटू देऊ नको. सवता त्या बाकावर जाऊन दे."

निवृत्तीने मान वर केली नाही. फोन जमिनीवर तसाच पडून होता, आणि सात वाजायला अजून थोडा वेळ होता.